बोलारमची कचेरी, मुडबीचा मुलूख

हैदराबादच्या विलीनीकरणावर लिहिणारे लोक कन्हैयालाल मुन्शींकडे दोनच तऱ्हांनी पाहतात. एक पक्ष म्हणतो, निजामाच्या दारात भारताची बाजू इतक्या खमकेपणाने मांडणारा वकील दुसरा झाला नाही. दुसरा विचारतो, यजमानाचा विश्वास ज्याला एक दिवसही कमावता आला नाही तो राजदूत कसला? भांडण मोठे असले तरी दोघांच्या हातातली मोजपट्टी एकच आहे. मुन्शी मुत्सद्दी म्हणून गेले होते आणि त्यांना मुत्सद्दी म्हणूनच जोखायचे, हे दोघांनी धरून चालले आहे. मला ती मोजपट्टीच मान्य नाही. जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीने हैदराबादेत जो माणूस नेमला तो राजकारणी होता आणि राजकारणी होता म्हणूनच नेमला गेला. वकिलातीची पाटी लावलेली त्याची कचेरी मुळात राजकीय होती. तिचे यश त्यातून आले आणि तिची मोठी उणीवही त्यातूनच आली. हे हैदराबाद शहरात बसून नीट दिसत नाही. त्यासाठी बिदर आणि गुलबर्गा या दोन जिल्ह्यांच्या सांध्यावर उभे राहावे लागते.

मुडबी त्या सांध्यावरचे गाव आहे. आज ते बसवकल्याण तालुक्यात, म्हणजे कर्नाटकच्या बिदर जिल्ह्यात येते. खाली कलबुर्गी, म्हणजे पूर्वीचा गुलबर्गा जिल्हा लागतो, पश्चिमेला उमरग्याकडे गेले की महाराष्ट्र. १९४८ मध्ये राज्यांची ही रेघ नव्हती. सगळा मुलूख निजामाचा, आणि हिंदुस्थानची हद्द पार नळदुर्गच्या पलीकडे, सोलापूरच्या अंगाला. त्या वेळच्या बिदर जिल्ह्यात उदगीर, निलंगा, अहमदपूरही होते. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू यांपैकी एकाही भाषेचे तिथे निर्भेळ बहुमत नव्हते. शेजारचे कल्याणी नबाबाच्या जहागिरीत, जमिनीचे कागद उर्दूत, घरातली बोली मराठी किंवा कानडी, आणि बाजारात तिन्ही. उत्तरेला सोलापूर-हैदराबाद सडक उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद करीत जहीराबादकडे जाते. दक्षिणेला सोलापूरहून गुलबर्गा-वाडीकडे जाणारा लोहमार्ग. मुडबी या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आहे. त्या वर्षी दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात जी भांडणे झाली त्यांतली बरीचशी या सडकेवरून, या रुळांवरून आणि त्यांच्या मधल्या खेड्यांवरून झाली.

आता माणूस पाहू. मुन्शी भडोचचे, जन्म १८८७चा. मुंबई हायकोर्टात वकिली जोरात चाललेली, गुजरातीत कादंबरीकार म्हणून नाव झालेले. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले तेव्हा मुन्शी गृहमंत्री झाले आणि १९३९ पर्यंत त्या खात्यावर राहिले. १९३८ मध्ये त्यांनी भारतीय विद्या भवन काढले. १९४१ मध्ये अहिंसेच्या प्रश्नावर काँग्रेस सोडली, अखंड हिंदुस्थानचा प्रचार केला आणि १९४६ मध्ये ते परत आले. घटना समितीच्या मसुदा समितीवर त्यांचे नाव आहे. या साऱ्यात परराष्ट्र व्यवहाराचा अनुभव म्हणावा असे काही नाही. आहे तो गृहखात्याचा, कोर्टाचा आणि प्रचाराचा. जाता जाता एक गंमत सांगण्याजोगी आहे. मुन्शींच्या ‘पृथिवीवल्लभ’ या कादंबरीत माळव्याच्या मुंज राजाला कैद करणारा जो कठोर तैलप आहे, तो इतिहासातला चालुक्य दुसरा तैलप. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. पुढे त्याच्याच वंशजांनी राजधानी कल्याणीला नेली. म्हणजे या मुलखाच्या राजाला खलनायक करून मुन्शींनी पाव शतक आधीच एक सामना लिहून ठेवला होता!

मराठी वाचकाला राजकारणातून वकिलातीत गेलेली माणसे अपरिचित नाहीत. लोकनायक बापूजी अणे १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा देऊन बाहेर पडले आणि त्याच वर्षी हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. रँग्लर परांजपे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री होते, ते १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हाय कमिशनर होते. खुद्द बाळासाहेब खेर मुख्यमंत्रिपदावरून उतरले आणि १९५२ मध्ये लंडनला हाय कमिशनर म्हणून गेले. या तिघांच्या नेमणुकीत एक गोष्ट समान आहे. ज्या देशात जायचे तो वेगळा देश आहे, तिथले सरकार वेगळे आहे, आणि आपण त्या सरकारशी बोलायला चाललो आहोत, याबद्दल कोणाच्या मनात किंतु नव्हता. मुन्शींच्या बाबतीत नेमके हेच ठरलेले नव्हते. हैदराबाद हा वेगळा देश आहे की नाही, हाच तर वाद होता. ज्या सरकारकडे माणूस पाठवायचा त्याचे वेगळे अस्तित्वच पाठवणाऱ्याला मान्य नसेल, तर तिथे राजदूत पाठवता येत नाही. पाठवायचाच तर राजकारणी पाठवावा लागतो.

याचा पुरावा भारत आणि हैदराबाद यांच्यातल्या जैसे थे करारातच आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झालेला हा करार एका वर्षासाठी होता. पहिल्या कलमाने परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण यांबाबत ब्रिटिश काळी जी व्यवस्था होती ती तशीच चालू ठेवली. दुसऱ्या कलमाने एकमेकांकडे एजंट नेमायचे ठरले. तिसऱ्याने भारताला सार्वभौमत्वाचे जुने अधिकार मिळणार नाहीत आणि अंतर्गत बंदोबस्तासाठी भारत फौज पाठवणार नाही, असे लिहून दिले. हैदराबादने तिसरे कलम वाचले आणि आपण मोकळे झालो असे मानले. दिल्लीने पहिले वाचले आणि हे आपलेच एक संस्थान आहे, एक वर्षाची मुदत मागते आहे, असे मानले. दोन्ही वाचने कागदाला धरून होती. एजंट हे पद या दोन वाचनांच्या मधल्या फटीत उभे राहिले. मुन्शी पोचताच पहिला वाद झाला तो घराचा. जुन्या रेसिडेन्सीशी नाते सांगणारी जागा द्यायला निजाम सरकार तयार नव्हते, कारण तिथे राहणारा माणूस लोकांना नवा रेझिडेंट वाटला असता. शेवटी हैदराबादजवळच्या बोलारमला भारतीय लष्कराच्या ताब्यातल्या इमारतीत, ‘दक्षिण सदन’मध्ये त्यांची सोय झाली. घराचा वाद क्षुल्लक म्हणून सोडून देतात, मला तो फार बोलका वाटतो. निजाम सरकारला नवा माणूस नेमका कोण आहे ते बरोबर कळले होते.

यावर पहिला आक्षेप असा की एजंटांची ही अदलाबदल बरोबरीची होती. हैदराबादचे झैन यार जंग दिल्लीत बसले होते. त्यांनी काही भारतातल्या असंतुष्टांना घरी बोलावले नाही. मग मुन्शींनी निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या माणसांना भेटणे, सरदार पटेलांना गावोगावच्या हकिकती कळवणे, दौरे काढणे, हा मर्यादाभंग नव्हे काय? करार बरोबरीचा होता असे गृहीत धरले तर होय. पण ती बरोबरी दुसऱ्या बाजूनेही पाळलेली नव्हती. परराष्ट्र व्यवहार पूर्ववत चालतील असे लिहून दिल्यावरही हैदराबादचा प्रतिनिधी कराचीत काम करत होता. पाकिस्तानला वीस कोटींचे रोखे कर्जाऊ दिले गेले. भारतीय चलनावर बंदीचा वटहुकूम निघाला. आणि सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८च्या उन्हाळ्यानंतर कराचीहून विमाने भरभरून शस्त्रे आणत होता, ती उतरायच्या जागांपैकी एक बिदरची धावपट्टी होती. दोन्ही बाजूंनी कराराचा उपयोग वेळ काढण्यासाठी केला. अशा करारातून आलेला एजंट शिष्टाचाराचे पुस्तक उघडून बसला असता तर दिल्लीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

वटहुकूम, रोखे हे शब्द हैदराबादेत बसून वाचले तर अर्थखात्याचे वाटतात. बिदर-गुलबर्ग्याकडे त्यांना दुसरे रूप होते. या मुलखात दोन रुपये चालत: निजामाचा हाली आणि इंग्रजी कलदार. सात हाली दिले की साधारण सहा कलदार मिळत. तूर, भुईमूग, कापूस घेऊन सोलापूरच्या पेठेत गेलेला माणूस कलदार घेऊन परत यायचा, आणि वाटेत करोडगिरीच्या नाक्यावर त्याची गाठ जकातीच्या माणसांशी पडायची. कलदार घेणे-देणे गुन्हा ठरले म्हणजे हा रोजचा व्यवहारच चोरटा झाला. त्यात भारताने मालाची कोंडी केली. मीठ, पेट्रोल, औषधे यांची टंचाई झाली. तिकडे सरहद्दीपलीकडे स्टेट काँग्रेसच्या छावण्या उभ्या राहिल्या होत्या. काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, कृती समितीची धुरा दिगंबरराव बिंदूंकडे, आणि छावण्यांतले तरुण रात्री हद्द ओलांडून हल्ले करायचे. करोडगिरीचे नाके हे त्यांचे आवडते लक्ष्य, कारण निजामाचे राज्य खेड्यातल्या माणसाला सर्वांत जवळून दिसायचे ते तिथेच. या छावण्या मुंबई प्रांताच्या जमिनीवर होत्या, आणि तिथले मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर, मुन्शींचे १९३७ सालचे वरिष्ठ. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा नेता कासीम रझवी तर लातूरचा वकील, म्हणजे याच पट्ट्यातला माणूस. रझाकार आणि छावण्यांतले कार्यकर्ते एकाच बाजारपेठांतून, एकाच शाळांतून आलेले होते, ही गोष्ट बोलारमच्या आणि दिल्लीच्या पत्रव्यवहारातून निसटते.

मे महिन्यात दोन घटना घडल्या. ९ मे रोजी बसवकल्याणजवळच्या गोरट्यात रझाकारांनी कत्तल केली. मारले गेलेल्यांचा आकडा त्या भागात दोनशेच्या आसपास सांगतात. २२ मे रोजी गुलबर्गा जिल्ह्यात गाणगापूर स्टेशनवर आगगाडीतल्या उतारूंवर हल्ला झाला. गोरटा सडकेच्या अंगाला, गाणगापूर रुळांवर. त्यानंतर दिल्लीची भाषा बदलली. गाणगापूरचा परिणाम जास्त झाला, हे सांगताना बरे वाटत नाही, पण खरे आहे: ती गाडी मद्रास-मुंबई मार्गावरची होती, उतारू भारताचे नागरिक होते, आणि बातमी लपवण्याजोगी नव्हती. गोरट्यातले मेलेले कायद्याने निजामाची प्रजा होते. परक्या देशाच्या राजदूताला अशा प्रजेविषयी चौकशी करण्याचाही अधिकार नसतो, फार तर तो खेद व्यक्त करतो. मुन्शींची कचेरी या हकिकती गोळा करत होती, तारखांसह दिल्लीला पाठवत होती, आणि निजाम सरकारपुढे मांडत होती. खेड्यात काय झाले ते सरदारांच्या टेबलावर जावे, ही वाट त्या कचेरीने उघडली. राजदूताच्या कामात ती बसत नाही, गृहखाते सांभाळलेल्या माणसाच्या कामात बसते. मुन्शींची नेमणूक सार्थ ठरली ती इथे.

पण ही वाट एकेरी होती. ‘सरहद्दीवरचे प्रकार’ या नावाखाली हैदराबाद सरकार ज्या तक्रारी करत होते त्यांत पुष्कळ कांगावा असेल, सगळाच नव्हता. छावण्यांतून होणाऱ्या हल्ल्यांत नाक्यांवरचे शिपाई मरत होते, आणि पाठोपाठ रझाकार जवळच्या गावावर सूड घेत होते. या साखळीचे दुसरे टोक मुंबई सरकारच्या हद्दीत होते, जिथे मुन्शींच्या शब्दाला वजन होते. खऱ्या मुत्सद्द्याने दोन्ही टोके हातात घेतली असती, निदान एकाचा सौदा दुसऱ्याशी केला असता: छावण्या आवरतो, तुम्ही रझाकार आवरा. हैदराबादचे पंतप्रधान लाइक अली यांना ते जमले नसते, कारण रझाकार त्यांच्या हातात उरलेलेच नव्हते, असे उत्तर यावर देता येईल, आणि ते बहुधा बरोबर आहे. ऑक्टोबर १९४७ मध्येच रझाकारांच्या जमावाने वाटाघाटीला निघालेल्या शिष्टमंडळाची घरे घेरली होती आणि छतारीच्या नबाबांना पंतप्रधानपद सोडावे लागले होते. तरीही बोलारमहून असा प्रस्ताव नेटाने मांडला गेल्याचे दिसत नाही. ज्याला एक पक्ष जिंकायचाच आहे त्याला तो सुचत नाही.

दुसरा आक्षेप साधनांविषयी आहे. मुन्शींबद्दल आपल्याला जे कळते ते मुख्यतः त्यांच्याच ‘द एंड ऑफ ॲन एरा’ या १९५७च्या पुस्तकातून, आणि लेखक कादंबरीकार! त्यात नाट्य आहे, स्वतःची बाजू आहे, कधीकधी स्वतःवर खूश होणेही आहे. म्हणून ते एकटे वाचू नये. शेजारी व्ही. पी. मेनन यांचा संस्थानांच्या विलीनीकरणावरचा ग्रंथ आणि लाइक अलींचे ‘ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद’ ठेवावे. मेनन दिल्लीच्या संस्थान खात्याचे सचिव, लाइक अली हैदराबादचे पंतप्रधान. तिघांची मते तीन दिशांना जातात. पण एका गोष्टीवर तिघांचे जमते: मुन्शी हे निरोप्या नव्हते. लाइक अलींना ते कटकारस्थानी वाटतात, मेननना ते पटेलांचे विश्वासू माणूस वाटतात, मुन्शींना स्वतःला ते एका युगाच्या अंताचे साक्षीदार वाटतात. विशेषणे वेगळी आहेत, पदाचे वर्णन एकच आहे. तीन परस्परविरोधी साक्षीदारांचे ज्यावर एकमत होते ते मान्य करायला हरकत नसावी.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने आत शिरल्या. नळदुर्गचा पूल पहिल्याच दिवशी हाती आला, १४ तारखेला फौज उमरग्याहून राजेश्वरपर्यंत पोचली. राजेश्वर आणि मुडबी आज एकाच तालुक्यात आहेत, तेव्हा या भागात ‘पोलीस ॲक्शन’ म्हणजे काय ते ऐकीव बातमीवरून कळलेले नाही. इकडे मुन्शी बोलारमला पहाऱ्यात होते. तिकडे हैदराबादने २१ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांकडे केलेली तक्रार १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुनावणीला आली. हैदराबादचे प्रतिनिधी मोईन नवाझ जंग तिथे एका सार्वभौम राष्ट्राच्या वतीने बोलत होते. दुसऱ्याच दिवशी लाइक अलींनी राजीनामा दिला आणि निजामाने मुन्शींना बोलावून घेतले. त्या संध्याकाळी डेक्कन रेडिओवरून निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली, त्या भाषणात मुन्शींचा हात होता. १८ तारखेला हैदराबादचे सेनापती जनरल एल इद्रूस यांनी भारतीय फौजेच्या जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली. २२ तारखेला निजामाने संयुक्त राष्ट्रांतली तक्रार मागे घेतल्याचे कळवले. म्हणजे हैदराबादची खरीखुरी परराष्ट्रनीती पॅरिसमध्ये चालू असताना तिचा निकाल बोलारमला लागला.

त्या एका दिवसात मुन्शींच्या पदाला जी सत्ता आली ती आधीच्या आठ महिन्यांत कधी नव्हती, आणि ती टिकली मात्र फार थोडा वेळ. निजामाच्या संमतीने एखादे हंगामी मुलकी सरकार बसवावे, असा त्यांचा कल होता. दिल्लीला ते नको होते. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले, मुंबईचे डी. एस. बखले हे आयसीएस अधिकारी मुलकी कारभाराचे प्रमुख झाले, आणि काही दिवसांतच मुन्शी परतले. एजंट ठेवायला आता समोर दुसरे सरकारच नव्हते. मुन्शींना बाजूला सारले गेले, असे त्यांचे चाहते म्हणतात. मला त्यात अन्याय दिसत नाही. ज्या फटीत ते पद उभे होते ती फटच बुजली होती.

अडचण वेगळी आहे. सप्टेंबरनंतर याच पट्ट्यातल्या चार जिल्ह्यांत, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेडमध्ये, मुसलमानांवर जे ओढवले त्याची चौकशी करायला नोव्हेंबरच्या अखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे मंडळ दिल्लीहून आले. त्यांनी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दौरा केला. सगळ्या संस्थानात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली आणि त्यांतले किमान अठरा हजार या चार जिल्ह्यांतले, असा त्यांचा अंदाज होता. अहवाल दडून राहिला, तो कित्येक दशके अभ्यासकांपर्यंतही नीट पोचला नाही. आकड्यांवर वाद आहे आणि तो राहील. मंडळाकडे मोजणीची साधने नव्हती. पण गोरट्याच्या कत्तलीची दखल घेणारा आणि नंतरच्या खुनांकडे पाठ फिरवणारा इतिहास अर्धाच राहतो, आणि मुडबीच्या आसपास तर तो एकाच पिढीने, एकाच वर्षात भोगला आहे.

मुन्शी तिथे असते तर हे टळले असते काय? तसे म्हणायला आधार नाही. उलट त्यांची सहानुभूती कुठे होती ते पाहता शंकाच घ्यावी. माझा मुद्दा माणसाचा नसून पदाचा आहे. मे महिन्यात गोरट्याची हकिकत दिल्लीला पोचवणारी एक कचेरी होती, कारण आरोपी निजामाचे सरकार होते आणि ते आरोप दिल्लीला हवे होते. ऑक्टोबरात तशीच हकिकत पोचवायला त्या मुलखात कोणीच नेमलेले नव्हते. चौधरींचे सरकार स्वतःच कारभारी होते आणि स्वतःच वार्ताहर. मंडळ पाठवायला दिल्लीला दहा आठवडे लागले. राजकारण्याची कचेरी राजकारणाला गरज असेपर्यंतच चालते. निरपेक्ष मुत्सद्द्याची कचेरी कदाचित सप्टेंबरनंतरही ठेवता आली असती, पण दिल्लीने तशी कधी मागितलीच नव्हती. मुन्शी पुढे केंद्रात अन्नमंत्री झाले, मग उत्तर प्रदेशचे राज्यपाल. त्यांचे पुस्तक छापून आले तेव्हा हैदराबाद संस्थान नकाशावरून पुसले गेले होते, बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला होता, आणि कल्याणीचे नाव बसवकल्याण झाले होते.